दारात उभा होता म्हणून भरपाई नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

परवाच्या लोकलमधून पडून जखमी झालेल्यांच्या भरपाईवरच्या पोस्टवर एका वाचकाने बरंच कडक लिहिलंय. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं की दारात लटकायचं यांनी आणि पैसे द्यायचे करदात्यांनी, हे चूक आहे, आणि मी लोकांना उगाच केसेस करायला भरीला घालतोय, त्यात पैसे खातात ते वकीलच. शिवाय त्यांच्या शेजारच्यांचा पडताना पास हरवला, त्यांना सगळ्यांनी सांगितलं की आता काहीच मिळणार नाही, मग माझ्या पोस्टचा उपयोग काय. खाली चार ओळीत उरकण्यासारखं नाही म्हणून वेगळं लिहितोय.

दादा, तुमचा राग मला कळतो, पण पहिला मुद्दा कायद्याला धरून नाहीये. रेल्वे कायदा १९८९ चा, त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम १२४अ आलं. त्यात स्पष्ट म्हटलंय की प्रवासी गाडीतून चुकून पडला तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायचीच. म्हणजे चूक कोणाची हा प्रश्नच तिथे मुख्य नाही. नाकारता येतं ते ठराविक कारणांनी, आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली कृती, नाहीतर आजारपण. या यादीत "गर्दीमुळे दारात उभा होता" असं कुठेही नाही. २०१८ साली रीना देवी केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की चढता-उतरताना पडला आणि त्याचा निष्काळजीपणा होता एवढ्यावरून ती स्वतःहून करून घेतलेली इजा होत नाही. आणि खरं सांगा, पीक अवरला आत जागा असताना कोण हौसेने दारात उभं राहतं?

हे मी एवढं पोटतिडकीने लिहितो कारण माझा मामेभाऊ असाच पडला होता. पायाचं ऑपरेशन, तीन महिने घरी, नोकरी गेली. आणि आम्ही सगळे घरचे दहा महिने गप्प बसलो कारण जो येईल तो तेच म्हणायचा, दारात होता ना मग चूक त्याचीच. त्यालाही तेच पटलं होतं, विषय काढला की मान खाली. एका ओळखीच्यांनी वर्षाची मुदत आहे म्हणून सांगितलं तेव्हा धावपळ करून अकराव्या महिन्यात रेल्वे दावा न्यायाधिकरणात (रेल्वेकडच्या भरपाईचे दावे तिथे चालतात) अर्ज टाकला. वर्ष उलटलं की उशिराचं सबळ कारण पटवून द्यावं लागतं आणि ते पटेलच असं नाही.

त्या धावपळीत कळलं की सगळा खेळ पहिल्या दोन-तीन कागदांवर असतो. स्टेशन मास्तरचा मेमो, रेल्वे पोलिसांच्या डायरीतली नोंद, हॉस्पिटलचे एमएलसीचे (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या केसचे) पेपर. आमच्या हॉस्पिटलच्या कागदावर नुसतं "रेल्वे अपघात" लिहिलेलं, गाडीतून पडला की रूळ ओलांडत होता काहीच नाही, आणि तोच तर फरक आहे, कारण रूळ ओलांडताना लागलं तर ते या कलमात बसतच नाही. ते पोस्टमध्ये लिहायचं राहिलं होतं, ती चूक माझी, आज तिथे ओळ घातलीये. पोलीस डायरीत मात्र "चालत्या गाडीतून पडून" असे शब्द होते म्हणून निभावलं. तेव्हा पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसेल तर सोबतच्याने तरी कसा पडला ते नीट सांगून लिहून घ्यावं, नंतर दुरुस्त करायला फार त्रास होतो.

वकील पैसे खातात म्हणालात, काही घेतातही, पण मिळणाऱ्या रकमेत टक्का ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमात बसत नाही, तेव्हा कोणी "निम्मे माझे" म्हणाला तर सरळ उठून यावं. रकमेचं म्हणाल तर २०१७ पासून मृत्यूला ८ लाख आहेत, कुठल्या जखमेला किती याचं परिशिष्ट वेगळं आहे, आणि तुमची जखम त्यात नसेल तरी न्यायाधिकरण वाजवी रक्कम ठरवू शकतं. पाय गेलेल्या माणसाला यातून आयुष्य परत मिळत नाही हो, पण ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज तरी फिटतं.

आता तुमच्या शेजाऱ्यांचं. पास सापडला नाही म्हणजे संपलं असं अजिबात नाही. त्याच २०१८ च्या निकालात म्हटलंय की फक्त तिकीट मिळालं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं ठरत नाही. सुरुवातीला सिद्ध करायची जबाबदारी आपली, पण सगळी हकीकत प्रतिज्ञापत्रावर दिली की मग ती रेल्वेकडे जाते. रोज कुठून कुठे जायचे, पासचं ओळखपत्र, जुना पास, ॲपवरून काढला असेल तर मोबाईलमधली नोंद, ऑफिसचं हजेरीपत्रक, असलं सगळं जमवायला लागा.

पण आधी एक सांगा, त्यांना पडून किती महिने झाले? तुम्ही तारीख लिहिलेली नाही. वर्षाच्या आत असेल तर आजच त्यांच्याकडे जा, आणि अर्ज कुठे टाकायचा ते त्यांच्या राहण्याच्या ठिकाणावरूनही ठरतं, अपघात झाला तिथेच जावं लागतं असं नाही. खाली लिहा, मी रात्री बघतो.