मिरगीच्या गोळ्या आणि नागपूरचं अधिवेशन

डिसेंबर आला की नागपुरात मोर्चांची रांग लागते. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, पोलिसांनी अडवलं की तिथंच बसायचं, पाच जणांचं शिष्टमंडळ आत जाणार, मंत्री निवेदन घेणार, फोटो निघणार. या गर्दीत मिरगीच्या, म्हणजे अपस्माराच्या, रुग्णांचं निवेदन क्वचितच असतं. असलं तर मागण्या ठरलेल्या: जिल्ह्याला न्यूरॉलॉजिस्ट द्या, एमआरआय मशीन द्या, मोफत शिबिर भरवा.

माझा या तिन्ही मागण्यांना विरोध नाही. पण उद्या तिन्ही मान्य झाल्या तरी धारणी, कोरची किंवा झरी जामणीसारख्या विदर्भातल्या दुर्गम तालुक्यातल्या माणसाची फिट थांबणार नाही. फिट थांबते ती रोज, न चुकता, वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या गोळीनं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट निदान आणि औषध मिळालं तर शंभरातले सत्तरपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. हे औषध कुठलं दुर्मीळ औषध नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम ही सगळी २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. मग आरोग्य केंद्राच्या खिडकीवर "गोया नाही आल्या, पुढच्या मयन्यात या" असं का ऐकावं लागतं?

याचं उत्तर साठा वहीत आहे. औषधांची वार्षिक मागणी बहुतेक मागच्या वर्षीच्या खपावरून ठरते. मागच्या वर्षी लेव्हेटिरासिटाम आलंच नाही, म्हणून खप शून्य. खप शून्य, म्हणून यंदाची मागणीही शून्य किंवा नावापुरती. रुग्ण दोन-तीनदा रिकाम्या हातानं परततो आणि मग यायचंच बंद करतो. तो खासगी मेडिकलमधून दहा गोळ्यांची पट्टी घेतो, पाच दिवस पुरवतो, पुढचे पाच दिवस तसेच काढतो. कागदावर मात्र त्या केंद्रात मिरगीचा रुग्णच नसतो. कुणाला दोष द्यायचा तो द्या, पण हे चक्र तोडायचं तर "निधी द्या" म्हणून चालत नाही. आकडा द्यावा लागतो.

आकडा काढणं अवघड नाही. आरोग्य केंद्राची लोकसंख्या साधारण ३०,००० धरतात, आदिवासी आणि डोंगरी भागात २०,०००. हजारी ५ रुग्ण धरा, म्हणजे एका केंद्राला १५०, मेळघाट-गडचिरोलीकडे १००. त्यातले ५० जण लेव्हेटिरासिटाम ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेतात असं धरलं तर महिन्याला ३,००० गोळ्या, वर्षाला ३६,०००. फेनिटॉइन १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज घेणारे ६० असतील तर महिन्याला ५,४००. त्यावर तीन महिन्यांचा राखीव साठा वेगळा. पावसाळ्यात पूल बुडाले की गाडी पोचत नाही, आणि मिरगीची गोळी अचानक बंद झाली तर नुसती फिट येत नाही, लागोपाठ फिटा येऊन जीव जाऊ शकतो. तापाच्या गोळीचा खाडा पडला तर माणूस कण्हतो, इथं खाडा पडला की गाठ मरणाशी आहे. राखीव साठा का मागतो आहोत, हे निवेदनात असंच एका ओळीत लिहा.

लहान पोरांच्या औषधाचा हिशेब तर कुणीच करत नाही. व्हॅल्प्रोएटचं सिरप ५ मिलीत २०० मिलिग्रॅम असतं. पंधराएक किलोच्या पोराला सकाळी ५ मिली, रात्री ५ मिली लागतं असं धरा. १०० मिलीची बाटली दहा दिवसांत संपते. महिन्याला तीन लागतात. खिडकीवर मिळते एक. आई ते पुरवायला अर्धं झाकण द्यायला लागते, पोराला पुन्हा झटके येतात, आणि सगळे म्हणतात, औषध लागू पडत नाही. औषध लागू पडत होतं, बाटल्या पडल्या दोन कमी. "पालकांमध्ये जागृती करा" ही मागणी मग फार थिल्लर वाटते.

आता हा आकडा न्यायचा कुठं? इथंच बहुतेकांची गाडी चुकते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथला साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. तीन घरं, तीन चुली. आरोग्य केंद्रातल्या गोळीचं निवेदन मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठात्यांना देऊन उपयोग नाही. "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा मारून तो कागद वर्षभर फिरत राहतो.

दुसरी चूक म्हणजे आमदार निधीतून गोळ्या मागणं. आमदार निधी मुळात कामांसाठी आणि टिकाऊ वस्तूंसाठी आहे. दर महिन्याला संपणाऱ्या औषधाचा खर्च त्यात बसत नाही. भाऊंकडे गेलात की भाऊ मन मोठं करून म्हणतील, "मशीन घेऊन देतो." मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख काढणारं ईईजी मशीन येईलही. पण ते चालवायला तंत्रज्ञ नाही, कागद वाचायला डॉक्टर नाही, मग ते कापड पांघरून कोपऱ्यात बसतं. शिवाय ईईजी नॉर्मल आला म्हणून मिरगी नाही असं ठरत नाही. निदान मुख्यतः फिट पाहणाऱ्याच्या वर्णनावरून होतं, आणि आज घरच्यांनी मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरच्या जास्त कामाचा असतो. मशीनचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. गोळीची फीत कापता येत नाही, म्हणून ती मागे पडते.

गोळीचा पैसा तीन ठिकाणी सापडतो. राज्याच्या औषध खरेदीत, राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आराखड्यात (कार्यालयात त्याला सगळे पीआयपी म्हणतात), आणि जिल्हा नियोजन समितीच्या औषध खरेदीच्या तरतुदीत. तिसरा मार्ग आपल्याला सगळ्यात जवळचा. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, जिल्ह्यातले आमदार बैठकीला असतात. पुढच्या वर्षाचे प्रस्ताव दिवाळीनंतर गोळा व्हायला लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत आराखड्यावर हात फिरतो. मार्चमध्ये निवेदन घेऊन जाणारा माणूस पंगत उठल्यावर पोचलेला असतो. मेळघाट, गडचिरोली, पांढरकवडा या पट्ट्यात आदिवासी उपयोजनेचाही रस्ता आहे, तिथं प्रकल्प अधिकाऱ्यांना वेगळी प्रत द्या. किरकोळ अडचणीला, म्हणजे पंधरा दिवसांचा खंड भरून काढायला, रुग्ण कल्याण समिती आहे. त्यापलीकडे तिच्यावर भिस्त ठेवू नका.

निवेदनाआधी एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. विचारायचं एवढंच: अमुक आरोग्य केंद्रांत या चार औषधांचा मागील २४ महिन्यांचा महिनानिहाय आरंभीचा साठा, प्राप्त साठा, वाटप आणि शिल्लक. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणून अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरातच जायला हवा. उत्तरात शून्यांची रांग दिसली की तोच तुमचा पुरावा. आमदारांच्या पीएच्या समोर हा एक कागद ठेवला तर तो खुर्ची पुढे ओढतो. दहा पानी निवेदन ठेवलं तर पेपरवेट ठेवतो.

विधिमंडळात प्रश्न विचारायचा असेल तर तो आमदारांना लिहून द्या. त्यांच्याकडे विषय रोज शंभर येतात, तयार मसुदा क्वचित येतो. साचा ठरलेला आहे: "(१) अमुक जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये अपस्माराची औषधे अमुक महिन्यापासून उपलब्ध नाहीत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, वार्षिक मागणी व प्रत्यक्ष पुरवठा किती आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" पहिला भाग मोघम लिहिला की उत्तर येतं "हे खरे नाही", आणि पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही". म्हणून केंद्राचं नाव, महिना आणि औषध पहिल्याच भागात घाला, माहिती अधिकाराच्या उत्तरातून उचलून. मग निदान "हे अंशतः खरे आहे" तरी पदरात पडतं, आणि त्यावर उपप्रश्न रेटता येतो. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात. थेट डिसेंबरात आमदार निवासाच्या पायऱ्या चढणाऱ्याच्या हातात मग लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा, या ऐनवेळी विषय मांडायच्या वाटा, एवढंच उरतं. आणि हो, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे विधान परिषदेतले आमदार विसरू नका. त्यांचा मतदारसंघ अख्खा विभाग असतो, एकट्या तालुक्याच्या राजकारणात ते अडकलेले नसतात.

रुग्णांची मोजणी ही वेगळी मागणी करा. आपल्याकडे सिकलसेल या रक्तविकाराचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तपासणी झाली, कार्डं निघाली, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आजाराचं नाव आलं, २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान उभं राहिलं. मिरगीचं त्या कायद्यात स्वतंत्र नाव नाही. ते घालणं केंद्राच्या हातात आहे, त्यासाठी आमदाराला नाही, खासदाराला गाठा. मोजणी मात्र इथंच होऊ शकते, कारण आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सेवांमध्ये मेंदूविकार म्हणून अपस्मार कागदावर आहेच. अडतं ते आशाताईंपाशी, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांचं काम मोबदल्यावर चालतं. ज्या कामाला मोबदल्याची ओळ नाही, ते काम चौदा रजिस्टरांवर पंधरावं म्हणून घुसवू नका. शोधलेल्या आणि औषधावर टिकवलेल्या रुग्णामागे मोबदला, अशी ओळ पीआयपीत मागा.

विचारायची पद्धतही सांगावी लागेल. दारात उभं राहून "घरात कोणाले मिरगी आहे का?" विचारलं तर उत्तर "नाही"च येणार, घरात लग्नाची पोरगी असेल तर नक्कीच. मिरगी हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच निघालं, पण गावातल्या सोयरिकीपर्यंत ती दुरुस्ती अजून पोचायची आहे. त्यापेक्षा विचारा: झोपेतून उठल्यावर जीभ चावलेली असते का, अंथरूण ओलं होतं का, चुलीवर भाजल्याची खूण कशाची, पोरगं वर्गात मधेच टक लावून थांबतं का.

मुलींच्या बाबतीत मागणी नेमकी हवी. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाला धोक्याचं आहे, जन्मजात व्यंग आणि बुद्धीच्या वाढीवर परिणाम, दोन्ही. केंद्रात तेवढंच औषध असेल तर डॉक्टर तेच देणार. म्हणून लेव्हेटिरासिटाम हा चैनीचा पर्याय नाही, असं त्याच शब्दांत लिहा. (जी आज व्हॅल्प्रोएटवर आहे तिनं हे वाचून गोळी बंद करू नये. डॉक्टरांना विचारून बदलायची असते.)

न्यूरॉलॉजिस्टची मागणी सोडायला सांगत नाही, ती पूर्ण होण्याजोगी करा. तालुक्याला न्यूरॉलॉजिस्ट येणार नाही. पण आठवड्यातून एक ठरलेला दिवस ई-संजीवनीवर नागपूरचा तज्ज्ञ, आणि या टोकाला मिरगीचं प्रशिक्षण घेतलेला वैद्यकीय अधिकारी, एवढं शक्य आहे. सोबत पाच मिनिटांत न थांबणाऱ्या फिटेसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आरोग्य केंद्रात आणि १०८ मध्ये. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात जी पाच मिनिटं जातात ती वेगळीच.

एक मुद्दा आरोग्य खात्याबाहेरचा. झोप मोडली की फिट येते. आपल्याकडे गहू-हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन, आणि डुकरं राखायला रात्रभर जागल. गोळी वेळेवर घेणारा माणूसही अशा चार रात्रींनंतर पडतो, आणि तो पडतो कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर. शेतीला दिवसा वीज आणि विहिरींना कठडे या मागण्या आमदारांना पाठ आहेत. मिरगीच्या निवेदनात त्या घाला. भाऊंना ओळखीचा मुद्दा दिसला की अनोळखी मुद्द्यांपर्यंत ते वाचतात.

निवेदन एका पानाचं, प्रती तीन, आवक टेबलवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय उठायचं नाही. १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन अधिवेशनाच्या तोंडावरच येतो, पेपरवाल्यांना बातमी त्या दिवशी द्या. अधिवेशनानंतर फेब्रुवारीत त्या क्रमांकाची चौकशी करा. मग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीवर जा आणि नव्या वर्षाच्या मागणीपत्रात लेव्हेटिरासिटामपुढे कोणता आकडा लिहिलाय ते पाहा.