पेसमेकर असेल तर मोबाईल, मिक्सर बंद? खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय : ‘पेसमेकर बसवलेल्यांनी मोबाईल, मिक्सरला हात लावला की हृदय बंद पडतं.’ हे खोटं आहे. अशा धास्तीपायी घरातल्या आजींना स्वयंपाकघरात जाऊ न देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पेसमेकर गळ्याजवळच्या हाडाखाली, त्वचेच्या आत बसवतात. ठोके मंदावले की तो बारीकसा विद्युत इशारा देतो. (आयसीडी हे वेगळं यंत्र, ठोके जीवघेण्या वेगाने पडू लागले की ते झटका देतं.) मिक्सर, टीव्ही, फ्रीज खुशाल वापरा. मोबाईल मात्र यंत्रापासून १५ सेंटीमीटर लांब हवा. शर्टाच्या वरच्या खिशात नको, बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवा.

खरी काळजी हवी ती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना. आर्क वेल्डिंग आणि मोठ्या विद्युत मोटारी पेसमेकरला चकवू शकतात, म्हणून कामावर परतण्याआधी डॉक्टरांना कामाचं स्वरूप नीट सांगा. एमआरआयआधी पेसमेकरचं कार्ड दाखवा. आणि, बोलायला जड जातं तरी, दहनाआधी पेसमेकर काढावाच लागतो. त्याची बॅटरी आगीत फुटते.