रत्नदुर्ग आणि थिबा राजवाडा: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीच्या रत्नदुर्गावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मतभेद स्पष्ट शब्दांत कळवलात, याबद्दल आभारी आहे. आपला मुख्य आक्षेप असा, की शिवकालीन गडाची भेट मी थिबा राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयात नेऊन संपवली आणि ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) ज्या थिबा राजाचा गडाशी काडीचाही संबंध नाही, त्याला गडाच्या बरोबरीने जागा दिली. ही जोडणी मी विचारपूर्वक केली होती आणि आजही मला ती योग्यच वाटते.

रत्नदुर्ग मुळात बहामनी काळातला मानला जातो. आदिलशाहीकडून तो १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, पुढे तो आंग्र्यांच्या ताब्यात आला आणि १७९० च्या सुमारास धोंडू भास्कर प्रतिनिधी यांनी त्याची मजबुती केली. म्हणजे आज ज्या तटावरून आपण मिरकरवाड्याच्या बंदरातील होड्या पाहतो, तो कोणा एका राजवटीचा नाही. महाराजांचे नाव या गडाला लाभले ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यांच्या आधीचे आणि नंतरचे सारे वगळायचे ठरवले, तर आंग्र्यांचे आरमारही आपल्याला वगळावे लागेल, आणि ते आपल्यालाही मान्य होणार नाही.

आता थिबा राजाविषयी. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला आणि १८२२ मध्ये दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटहून रत्नागिरीस आले. ज्या समुद्रावर नजर ठेवण्यासाठी घोड्याच्या नालेसारखा वळलेला हा तट उभारला गेला, त्याच समुद्रातून ये-जा करणाऱ्या बोटींना वाट दाखवण्यासाठी १८६७ मध्ये गडाच्या दक्षिण टोकावर दीपगृह आले. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले जिंकून इंग्रजांनी थिबा राजाला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी त्याला येथे आणून ठेवले. त्या काळी रत्नागिरीला रेल्वे नव्हती, पूर्वेला सह्याद्रीचे घाट होते आणि पावसाळ्यात बोटी बंद पडत. राजाला त्याच्या प्रजेपासून दूर ठेवायला अशी जागा सोयीची होती. त्याच्यासाठी राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये याच गावात त्याचा अंत झाला. समुद्राच्या भरवशावर सत्ता गाजवणारे गाव त्याच समुद्रामुळे दुसऱ्या राजाचे बंदिस्थान कसे झाले, हे नुसत्या तटावर उभे राहून कळत नाही. त्यासाठी राजवाड्याच्या दालनांतून फिरावे लागते. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाने गावात घडलेले सर्व सांगावे, केवळ गौरवाचे तेवढे निवडू नये, असे माझे ठाम मत आहे.

राजवाड्याऐवजी तो वेळ जयगडाला किंवा पूर्णगडाला द्यावा, ही आपली सूचनाही वाचली. शास्त्रीच्या मुखावरचा जयगड आणि मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगड हे दोन्ही अवश्य पाहावेत. खाडीतून आत शिरणाऱ्या गलबतांवर वचक कसा ठेवला जाई, ते तेथे चांगले समजते. मात्र त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा, राजवाड्याचा वेळ कापू नये.