वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के? हे आकडे कुणी मोजलेलेच नाहीत

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रंगीत त्रिकोण वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो सांगतो की माणसाच्या लक्षात वाचलेलं १० टक्के राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं आणि ऐकलेलं ५०, स्वतः बोललेलं ७० आणि बोलत बोलत केलेलं ९० टक्के. खाली बहुतेक वेळा एडगर डेल यांचं नाव असतं. नाशिकमध्ये मी तो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत पाहिला, बी.एड.च्या वर्गात पाहिला, खासगी क्लासच्या पत्रकावरही पाहिला. शिक्षक-प्रशिक्षण आणि स्वयंअध्ययन साहित्याचं लेखन हे माझं काम आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: या आकड्यांना कसलाही आधार नाही. एखादी निरुपद्रवी चूक म्हणून मी ती सोडून दिली असती. पण या त्रिकोणाच्या जोरावर शाळांची लोकवर्गणी खर्च होते, आणि पुस्तक हातात घेऊन मन लावून शिकवणाऱ्या बाईंना आपण जुनाट पद्धतीनं शिकवतोय असं वाटायला लागतं.

‘हे डेल यांचं संशोधन आहे.’ नाही. डेल हे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक. १९४६ साली दृक्-श्राव्य साधनांवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी अनुभवशंकू नावाची आकृती मांडली. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, वर जावं तसं नाट्यीकरण, प्रात्यक्षिक, सहल, चित्रपट, आणि टोकाला शब्द. अनुभव मूर्ताकडून अमूर्ताकडे कसा जातो, एवढंच त्यात दाखवलं होतं. स्मरणाचा एकही आकडा त्यात नव्हता, आणि ही उतरंड शब्दशः घेऊ नका असं डेल यांनी स्वतःच बजावलं होतं. बारकाईनं पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसेल. डेल यांच्या शंकूत वाचलेले आणि ऐकलेले शब्द टोकाच्या एकाच थरात येतात. मग एकाला १० आणि दुसऱ्याला २० हे कुठून आलं?

१९६७ साली डी. जी. ट्रायक्लर यांनी एका दृक्-श्राव्य विषयाच्या नियतकालिकात हे आकडे छापले. ते मोबिल ऑइल कंपनीत काम करत होते. कुठला प्रयोग, किती विद्यार्थी, किती दिवसांनी तपासलं, यातलं काहीही त्यांनी दिलं नाही. पुढे कुणीतरी आकडे आणि शंकू एकत्र चिकटवले. याच कुळातला दुसरा त्रिकोण, ज्यात व्याख्यानाला ५ टक्के आणि दुसऱ्याला शिकवण्याला ९० टक्के मिळतात, तो अमेरिकेतल्या नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज या संस्थेच्या नावावर खपतो. त्या संस्थेकडे विचारणा झाली तेव्हा मूळ संशोधन आता आपल्याकडे नाही आणि सापडतही नाही, असं तिनं कळवलं. २०१४ साली सुब्रमणी, मोलेंडा, बेट्रस आणि थालहायमर या चार अभ्यासकांनी ‘एज्युकेशनल टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात या आकड्यांचा सगळा माग काढून दाखवला. हाती लागली ती नुसती एकमेकांची उसनवारी.

‘वाचलेलं फक्त १० टक्के लक्षात राहतं.’ मला सर्वात जास्त खटकतं ते हेच, म्हणून इथे जरा थांबतो. काय वाचलं, कुणी वाचलं, वाचून काय केलं आणि किती दिवसांनी विचारलं, हे न सांगता स्मरणाची टक्केवारी देताच येत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींना तोच उतारा पुन्हा वाचू दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर पारडं फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात ४२ टक्के, आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६. उतारा तोच आणि माध्यमही तेच, छापील शब्द. मुद्दाम आठवायला लावलं की नाही, यानंच फरक पडला. १० टक्क्यांच्या आसपास तर यातलं काहीच नाही.

आणि हे नाशिककरांना तरी सांगावं लागू नये. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं आहे. १९८९ साली ते स्थापन झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या ब्रीदाखाली ते चाललं, ते मुख्यतः छापील पुस्तकांच्या बळावर. नोकरी करणारे, शेती करणारे, घर सांभाळून शिकणाऱ्या बायका, असे असंख्य लोक या पुस्तकांवर पदवीधर झाले. वाचनातून १० टक्केच उरत असतं तर मुक्त शिक्षण ही कल्पनाच टिकली नसती. चांगल्या स्वयंअध्ययन पुस्तकात घटकाच्या आधी उद्दिष्टं असतात, दर दोन-तीन पानांनी प्रश्न असतो, उत्तर पडताळायला पान उलटावं लागतं. वाचकाला आठवायला लावणारी ही रचना आहे. असा अभ्यासक्रम आखणाऱ्या शैक्षणिक रचनाकाराचं कौशल्य तिथेच लागतं, आणि त्रिकोणात त्याला जागाच नाही.

‘म्हणून व्हिडिओ दाखवा, वाचनापेक्षा पाचपट फायदा.’ याला फार वेळ द्यायची गरज नाही. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली म्हटलं होतं की माध्यम हे किराणा आणणाऱ्या ट्रकसारखं असतं, ट्रक बदलल्यानं पोषण बदलत नाही. रॉबर्ट कोझ्मा या दुसऱ्या संशोधकांनी त्यांना विरोध केला, माध्यमाची म्हणून काही खास ताकद असते असं मांडलं, आणि तो वाद खरोखर वाचण्यासारखा आहे. पण दोघांपैकी कुणीही ‘नुसतं दाखवा, ५० टक्के राहील’ असं म्हणालेलं नाही. पेठ-सुरगाण्याच्या शाळेत टीव्ही आला याचा मला आनंदच आहे. मला फक्त एवढं विचारायचं असतं की व्हिडिओ थांबवून प्रश्न कुणी विचारला का.

‘निदान करून शिकणं ९० टक्के, हे तरी खरं ना?’ आकडा खोटाच. त्यामागची भावना मात्र अर्धी खरी आहे, आणि ती नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात ३३.८ टक्के विद्यार्थी नापास झाले होते, सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांना वर्गातच प्रश्न सोडवायला आणि चर्चा करायला लावणाऱ्या, वर्गात २१.८. फरक मोठा आहे. पण तो ५ विरुद्ध ९० असा नाही, आणि त्या सक्रिय वर्गांत समजावून सांगणं बंदही नव्हतं. उलट स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ साली बीजगणितात दाखवलं की नवख्या विद्यार्थ्याला आधी सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर तो नुसती गणितं सोडवत बसणाऱ्यापेक्षा लवकर शिकतो. म्हणजे सुरुवातीला वाचणं आणि पाहणं हेच उपयोगी, हात नंतर.

निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही बागायतदाराला हे पटेल. द्राक्षाची छाटणी पुस्तकावरून हाताला येत नाही, कात्री धरावीच लागते. पण एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी, काडीत घड आधीच कसा ठरतो, हे नवख्याला कुणीतरी सांगावं किंवा त्यानं वाचावं लागतं. ते न कळता कात्री चालवली तर वर्ष जातं.

‘आकडे चुकीचे असतील, पण हेतू चांगला आहे.’ असं मला प्रशिक्षणात अनेक सहकारी म्हणतात, आणि त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण पुरावा काय ते विचारावं, हे आपण मुलांना शिकवतो. त्याच मुलांच्या शिक्षकांना बिनपुराव्याची टक्केवारी देताना हेतूची ढाल पुढे करणं मला मान्य नाही.

केंद्रप्रमुख आणि तज्ज्ञ मार्गदर्शकांना एक विनंती आहे. पुढच्या शिक्षण परिषदेत त्रिकोणाची स्लाईड काढा आणि त्या जागी कुणालाच माहीत नसलेला एक पानभर उतारा वाटा. सगळ्यांना सात मिनिटं वाचू द्या. मग अर्ध्या शिक्षकांना तो पुन्हा वाचू द्या, अर्ध्यांना पान मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला सांगा. त्यानंतरच्या परिषदेत, पूर्वसूचना न देता, सगळ्यांना तोच उतारा आठवून लिहायला लावा आणि दोन्ही गटांचे कागद शेजारी शेजारी ठेवून मोजा.