ज्याचे त्याने बघावे म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी त्रिमूर्तीनगरला भावाकडे जेवायला गेले होते. टीव्हीवर नाटोची, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांच्या लष्करी युतीची, बातमी चालू होती आणि माझा भाचा, जो एरवी चांगला वाचणारा, विचार करणारा मुलगा आहे, वडाभातावर फोडणीचे तेल घेता घेता म्हणाला, "आत्या, शीतयुद्धातला करार आहे तो. गुंडाळून टाकायला पाहिजे आता. ज्याचं त्यानं बघावं न." पंगतीतल्या तिघाचौघांनी माना डोलावल्या. वहिनीने सकाळपासून राबून केलेल्या जेवणावर मला विरजण घालायचे नव्हते, म्हणून मी गप्प राहिले. पण घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दिलेल्या शब्दाची किंमत काय असते, हे माझ्या यादीतल्या मंडळींना मी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून थेट मुद्द्यावर येते.

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्यात आज ३२ देश आहेत. करार खरोखरच कालबाह्य झाला असता, तर रशियाला लागून सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असलेला आणि इतकी दशके विचारपूर्वक बाहेर राहिलेला फिनलंड २०२३ मध्ये आत आला नसता, आणि दोनशे वर्षे कोणत्याही लष्करी गटात न गेलेल्या स्वीडनने त्याच्या पाठोपाठ २०२४ मध्ये सही केली नसती. ज्यांच्या अंगणापर्यंत युद्ध येऊ शकते, त्यांनी घेतलेला हा निर्णय आहे, आणि आपण नागपुरात बसून त्यांना जुनाट ठरवतो. करार बदलायला हवा हे मलाही मान्य आहे. पण काय बदलायचे, हे त्याच करारात लिहिलेले असताना कोणी वाचत नाही, याचा मला राग येतो.

सगळ्यांना पाचवे कलम पाठ असते: एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. त्याच्या आधी तिसरे कलम आहे, ते कोणी उच्चारतही नाही. प्रत्येक देशाने स्वतःच्या बळावर आणि परस्परांच्या मदतीने, सातत्याने, सशस्त्र हल्ल्याला तोंड देण्याची ताकद राखली पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे तयारी आधी आणि हाक नंतर.

इथे मला बाबांविषयी सांगितलेच पाहिजे. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तोफगोळ्याची रिकामी कवचे मोजून पास करणे हे त्यांचे काम. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या दिवसांत, ते जादा पाळी करून उशिरा घरी यायचे. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली, हे पुढे वाचले. तेव्हा आम्हाला एवढेच दिसत होते की बाबांचा डबा तसाच परत येतो. एका रात्री आई चिडून म्हणाली, "एवढी घाई आहे तर एकेक कशाला मोजत बसता?" बाबांनी ताटातला स्टीलचा पेला उचलला, त्याच्या काठावरून सावकाश अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तिथं तोफेपाशी जो पोरगा उभा आहे, त्याला मोजायला वेळ नाही न. त्याच्या वाटचं मला मोजावं लागते."

युरोपने नेमके हे मोजणे सोडून दिले होते. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले आणि वर्ष संपले तेव्हा ते जेमतेम अर्ध्यावर होते. पैसा नव्हता असे नाही. कारखाने, स्फोटके, कुशल हात हे सगळे शांततेच्या काळात आटवून टाकलेले होते आणि ते एका वर्षात परत उभे राहत नाही. त्यातही गोम अशी की नाटोच्या तोफा कागदावर सगळ्या १५५ मिलिमीटरच्या. पण युक्रेनच्या आघाडीवर पोलंडची क्रॅब, फ्रान्सची सीझर, जर्मनीची पॅन्झरहाउबित्झ आणि अमेरिकेची एम-७७७ शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा लक्षात आले की एका देशाचा गोळा आणि त्यामागची दारू दुसऱ्याच्या तोफेत बिनदिक्कत चालेलच असे नाही. पंचाहत्तर वर्षांच्या युतीला हे आधीच माहीत असायला हवे होते.

आता टक्केवारीकडे येते, कारण सगळ्या बातम्या तिथेच थांबतात. २०१४ मध्ये वेल्समधील परिषदेत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के संरक्षणावर खर्च करण्याचे ठरले, तेव्हा ती रेषा गाठणारे देश तीनच होते. जून २०२५ मध्ये हेगच्या परिषदेत हा आकडा २०३५ पर्यंत ५ टक्के करण्याचे ठरले. त्यातले साडेतीन टक्के प्रत्यक्ष सैन्यासाठी आणि दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा, उद्योग अशा पूरक गोष्टींसाठी. हा दीड टक्का मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि सर्वांत जास्त फसवणूकही तिथेच होणार आहे. इटलीत तर सिसिलीला जोडणारा मेसिनाचा पूल संरक्षण खर्चात दाखवता येईल का, याची चर्चा झाली. सिसिलीतून कोणती फौज कोणत्या आघाडीवर जाणार आहे? बाबांच्या टेबलावरून असला माल एका क्षणात बाजूला निघाला असता.

खरी अडचण उत्तरेला आहे. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया या एकेकाळच्या सोव्हिएत, आता नाटोतल्या देशांचे बहुतेक लोहमार्ग अजून रशियन रुंदीचे, म्हणजे १,५२० मिलिमीटरचे आहेत आणि पश्चिम युरोपचे १,४३५ चे. जर्मनीहून निघालेला रणगाडा पोलंड ओलांडल्यावर एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागतो. इतवारी-नागभीडची छोटी गाडी ज्यांनी वापरली आहे, त्यांना रूळ बदलला की माणसांची आणि मालाची काय गत होते हे ठाऊक आहे. ते अंतर मिटवणारा रेल बाल्टिका मार्ग २०३० पर्यंत पुरा करायचा आहे. माझ्या मते कितीतरी नव्या विमानांपेक्षा तो मोलाचा आहे.

आणि हल्लाही आता जुन्या रूपात येत नाही. २००७ मध्ये एस्टोनियाच्या बँका आणि सरकारी संकेतस्थळे ठप्प झाली. २०२४ च्या नाताळच्या दिवशी फिनलंड आणि एस्टोनियामधली समुद्राखालची वीजवाहिनी तुटली. फिनलंडने ईगल एस हे तेलवाहू जहाज पकडले, नांगर फरपटत नेऊन ती तोडल्याचा आरोप ठेवला, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही म्हणून खटला काढून टाकला. सप्टेंबर २०२५ मध्ये वीसच्या आसपास रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले. त्यातले कित्येक फोम आणि प्लायवूडचे, आणि ते पाडायला नेदरलँड्सची एफ-३५ विमाने उडाली. यातल्या कशाला पाचव्या कलमातला हल्ला म्हणायचे? युतीला भविष्यासाठी घडवायचे असेल, तर या प्रश्नाचे उत्तर, कायद्यासकट, आधी ठरलेले असावे लागेल.

युरोप वर्षानुवर्षे अमेरिकेच्या जिवावर निवांत राहिला, हे भाच्याचे म्हणणे खरे आहे. २०११ मध्ये नाटोने लिबियाचे जे केले, त्याचे समर्थनही मी करणार नाही.

पण म्हणून "ज्याचे त्याने बघावे"? पाचवे कलम आजवर एकदाच लागू झाले, ११ सप्टेंबर २००१ नंतर, आणि तेही अमेरिकेसाठी. त्या हाकेला ओ देऊन गेलेल्या डेन्मार्कचे ४३ सैनिक अफगाणिस्तानात कामी आले. आपल्या नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या त्या देशाच्या आसपास भरेल, म्हणजे हिशेब करा. त्याच डेन्मार्कच्या ग्रीनलँडसाठी बळाचा वापर नाकारायला अमेरिकेचे तेव्हाचे नियोजित अध्यक्ष ट्रम्प जानेवारी २०२५ मध्ये तयार नव्हते. हे लिहितानाही माझा संताप होतो. तोफगोळे पुन्हा तयार करता येतात. असा शब्द एकदा तुटला की कोणत्याही परिषदेत तो सांधता येत नाही.

आता लिहिता लिहिता थोडी शांत झाले आहे. मला आशा वाटते ती लिथुआनियाकडे पाहून. जर्मनीने तिथे आपली ४५ वी चिलखती ब्रिगेड कायमची ठेवायला घेतली आहे, २०२७ पर्यंत सुमारे पाच हजार माणसे; दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याचा परदेशातला हा पहिलाच कायमचा मुक्काम. त्यांची कुटुंबे, मुलांच्या शाळा, सगळे तिथे हलणार. तो जर्मन पोरगा व्हिल्निअसजवळ उभा राहील, तेव्हा त्याच्या वाटचे कोणीतरी मागे मोजत असले पाहिजे.

हेगच्या वचनाचा आढावा २०२९ मध्ये घ्यायचे ठरले आहे. तोपर्यंत प्रत्येक देशाने तो दीड टक्का बाब-बाब करून जाहीर करावा: कोणता पूल रणगाड्याचे वजन पेलतो, कोणत्या वाहिनीवर गस्त आहे, गोदामात किती दिवसांचे गोळे आहेत आणि ते कोणाकोणाच्या तोफेत चालतात. मेसिनाचा पूल त्या यादीत नसावा.