नोटबुक आहेच ना, मग डॅशबोर्डला वेळ काहून लागतो?

हे वाक्य पुन्हा कुणी बोललं ना, तर लॅपटॉप त्याच्याच हातात देऊन मी गावाकडं निघून जाणार आहे. "पावसाचं सगळं विश्लेषण नोटबुकात तयार आहे, वर फक्त दोन बटणं बसव." फक्त म्हणे! नोटबुक म्हणजे कोडचे तुकडे आणि त्यांचे आलेख एकत्र ठेवलेली फाइल; डॅशबोर्ड म्हणजे तेच आलेख साहेबांना बटणं दाबून ब्राउझरात बघता येतील असं पान.

उघडून बघितलं का कुणी ते नोटबुक? पहिल्या सेलवर, म्हणजे कोडच्या तुकड्यावर, चालवल्याचा क्रमांक ४१, खालच्यावर १७, मधला एक तर कधी चालवलेलाच नाही. डीएफ२ नावाचा आकड्यांचा तक्ता ज्या सेलात बनला, तो सेलच उडवलेला. लिहिणाऱ्याच्या मशीनवर तो मेमरीत पडून होता, म्हणून आलेख झकास दिसायचे. आता लिहिणारा गेला पुण्याला नोकरीला. मी 'रिस्टार्ट अँड रन ऑल' दाबलं की तिसऱ्याच सेलला नेमएरर, म्हणजे 'हे नाव मला ठाऊकच नाही'! आणि डॅशबोर्ड बनवणारी साधनं, व्हॉयला काय, स्ट्रीमलिट काय, कोड वरून खालीच चालवणार. आधी हा वर जा, मग खाली ये असला लाड तिथं कुणी करत नाही.

बरं, ते निस्तरलं. मराठवाड्यात जिल्हे किती? आठ. आमच्या ड्रॉपडाउनमध्ये अकरा! २०२३ मध्ये नावं बदलली, त्यामुळं जुन्या फायलींत औरंगाबाद, उस्मानाबाद आणि नव्या फायलींत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. अकरावं कोण? बीडच. एका फायलीत नावामागं कुणीतरी स्पेस मारून ठेवलीय. साहेब धाराशिव निवडतात, २०२३ आधीचा पाऊस गायब, आणि मला विचारतात, "तुमचा डॅशबोर्ड चुकतोय का हो?" डॅशबोर्ड कशाला चुकतोय, मालक!

आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबनं तर डोस्कंच उठवलं. आधी देवनागरीच्या जागी नुसते चौकोन. फॉन्ट दिला, तर हिंगोलीची पहिली वेलांटी ह सोडून ग च्या अंगावर. शेवटी सगळे आलेख प्लॉटली या दुसऱ्या साधनात पुन्हा काढले. तिथं अक्षरं ब्राउझर जुळवतो, म्हणून सुटलो. या कामाचा हिशेब कुणी धरला? कुणीच नाही. "आलेख तर आधीपासून होतेच ना."

मग बैठकीचा दिवस. व्हॉयला पान उघडणाऱ्या प्रत्येकाला कोड चालवणारा वेगळा कर्नल देतो, म्हणजे प्रत्येकासाठी तीच भलीमोठी फाइल पुन्हा मेमरीत. हे मी आधीच सांगितलं होतं, मोठा सर्व्हर मागितला होता. "एवढ्याशा पानाला सर्व्हर कशाला?" बैठक सुरू झाली, आठही जिल्ह्यांनी एकदम लिंक दाबली, मेमरी भरली, पान पांढरं. आणि त्यावर सल्ला काय, तर "वायफाय बंद करून चालू कर."

आता नवीन फर्मान आलंय : तालुके पण टाका. टाकतो ना, ७६ च्या ७६ टाकतो. पण तालुक्यांचं नोटबुक ज्यानं लिहिलंय, त्यानं ते माझ्यासमोर एकदा वरून खाली चालवून दाखवायचं. तोपर्यंत माझ्याकडं फिरकायचं नाही.