सात रुपयांच्या पुडीने अटॅक थांबत नाही

‘इकोस्प्रिन, रोझुवास, सॉर्बिट्रेट. सात रुपयांच्या या गोळ्या खिशात ठेवा, अटॅक आला की घ्या, जीव वाचलाच!’ हा मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतोय. शेपूट नेहमीचंच: ‘जोरजोरात खोका.’

इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आणि अ‍ॅस्पिरिनचं खरं आहे. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत सतरा हजारांवर रुग्ण होते आणि अ‍ॅस्पिरिनमुळे पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. पण इकोस्प्रिनवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं. अख्खी गिळली तर ती उशिरा लागू पडते. म्हणून ७५ मि.ग्रॅ.च्या चार गोळ्या चावून खायच्या. अ‍ॅलर्जी, चालू रक्तस्राव किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ असेल तर नाही. आणि तिने हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी वाढायची थांबते, आधीच बसलेली विरघळत नाही.

रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या सॉर्बिट्रेटमध्ये खरी गोम आहे. वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल किंवा अटॅक हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल, तर ती गोळी रक्तदाब आणखी पाडून माणसाला आडवं करते. लैंगिक ताकदीसाठीच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेऊन २४ तास किंवा टाडालाफिल घेऊन ४८ तास झाले नसतील तरी तेच. (घरात विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा.) शिवाय कळ थांबली की ‘गॅसच होता’ म्हणून लोक झोपतात.

रोझुवास हे कोलेस्टेरॉलसाठी वर्षानुवर्षं घ्यायचं औषध. पहिल्या तासात ते अडलेली रक्तवाहिनी उघडत नाही. खोकण्याचा उपाय कॅथलॅबमधला, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीतला: मॉनिटरवर ठोके बिघडताना दिसले तर काही सेकंद शुद्ध टिकवायला. घरी शुद्ध हरपली, श्वास थांबला, तर छातीच्या मध्यावर ५ ते ६ सें.मी. खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा.

मेसेजात घड्याळ कुठेच नाही. रक्त अडल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायू मरू लागतो, आधी आतला थर, मग बाहेरचा. सहा तासांत धोक्यातला बहुतेक भाग गेलेला असतो. वाचतो तो वाहिनी उघडल्याने. म्हणून १०८ लावा, स्वतः गाडी चालवू नका. दवाखान्यात पोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी हवा. त्यात एसटी (आलेखातला एक भाग) चढलेला दिसला आणि अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत जमणार नसेल, तर शहर गाठण्याआधी तालुक्यातच गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज: वजनाप्रमाणे ३० ते ५० मि.ग्रॅ., एकाच इंजेक्शनात. वय ७५ च्या पुढे असेल तर अर्धा डोस. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झाला असेल तर मात्र हे इंजेक्शन नाही.

पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि कळ चालूच असेल, तर घरी निघू नका. १५ ते ३० मिनिटांनी तो पुन्हा काढायला सांगा.